मग मुलगीच बघू की!

"मग प्रश्नच मिटला! मुलीही आवडतात म्हणतो ना तो? मग मुलगीच बघू की. आपल्यात चांगल्या मुलींची काय वानवा आहे?"

काकांनी हा निकाल इतक्या झटकन दिला, की आत्यांना हसू आलं. हसण्यासारखं काही नव्हतं. धाकट्या भावाचा मुलगा सत्तावीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. शनिवारी घरी आला आणि रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर त्यानं आईवडिलांना सांगितलं, की तो बायसेक्शुअल आहे. त्याला मुली आवडतात आणि मुलगेही, कॉलेजपासूनच. आई रडली. वडील काही बोलले नाहीत. सकाळी उपासनेला निघायच्या आधी त्यांनी थोरल्या भावाला फोन केला आणि थोरल्यानं बहिणीला बोलावून घेतलं. नगरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत तीन घरांना ठाऊक झालेली गोष्ट फार दिवस तीनच घरांत राहत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून घाई.

हे भाऊ-बहीण कल्पित आहेत. काका निवृत्त मुख्याध्यापक, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका मंडळीत पास्टोरेट कमिटीवर. आत्या निवृत्त नर्स. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र अशा घरांमध्ये बोलली जाणारीच आहेत आणि ते जे दाखले देतात ते खरे आहेत.

"दादा, तो लग्न कुणाशी करू असं विचारायला आला नव्हता. मी असा आहे, एवढं सांगायला आला होता."

"तेच तर! सांगायची गरज काय होती? उद्या मुलीशी लग्न केलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं."

काकांचं हे वाक्य वरवर साधं वाटतं, पण बायसेक्शुअल मुलांचं सगळं दुखणं त्यातच आहे. समलिंगी मुलाच्या आईवडिलांना रडून, भांडून, उपास करून कधी ना कधी कळून चुकतं, की घरात सून येणार नाही. बायसेक्शुअल मुलाच्या आईवडिलांची आशा मात्र मावळत नाही. आणि आशा आहे तोवर त्यांच्या लेखी मुलाचा प्रत्येक नकार हा हट्ट ठरतो. त्याला जमत नाही असं नाही, तो करत नाही! धार्मिक घरात तर हट्टाला आणखी एक नाव मिळतं: आज्ञाभंग.

म्हणून बरेच जण सांगतच नाहीत. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०१३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. जवळच्या बहुतेक माणसांना आपल्याबद्दल ठाऊक आहे, असं समलिंगी पुरुषांपैकी ७७ टक्के आणि समलिंगी स्त्रियांपैकी ७१ टक्के लोकांनी सांगितलं. बायसेक्शुअल लोकांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होतं, आणि त्यातले पुरुष वेगळे काढले तर फक्त १२. त्याच पाहणीत कायमच्या जोडीदाराबरोबर राहणाऱ्या बायसेक्शुअल लोकांपैकी ८४ टक्के लोकांचा जोडीदार भिन्नलिंगी होता. दुसरीकडे गॅलपच्या २०२४ मधल्या अहवालानुसार, स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्या अमेरिकनांपैकी निम्म्याहून अधिक लोक बायसेक्शुअल आहेत. म्हणजे संख्येनं सर्वांत जास्त तेच आणि दिसतात सर्वांत कमी.

"तुझ्या मंडळीतही असतील," आत्या म्हणाल्या. "बायकामुलं घेऊन पुढच्या बाकावर बसत असतील."

"असतील तर देवाची कृपा. त्यांनी निवड केली ना? मी वेगळं काय सांगतोय? हे बघ, लग्नाच्या दिवशी प्रत्येक नवरा जगातल्या बाकीच्या सगळ्या बायकांना सोडतो. हा बाकीच्या बायकांबरोबर पुरुषांनाही सोडेल. त्यात अवघड काय आहे?"

युक्तिवाद कच्चा नाही. उलट बायसेक्शुअल माणसाला एका जोडीदारावर भागत नाही, त्याला दोन संसार लागतात, या सर्रास गैरसमजाला काकांनी नकळत चांगलं उत्तर दिलं होतं. आत्यांनी ते लगेच उचललं.

"हे तू त्याच्या आईला सांग. ती कालपासून मला विचारतेय, हा दोन-दोन ठेवणार का म्हणून. एकनिष्ठ राहण्याबद्दल आपलं भांडण नाहीच, दादा. मला एवढंच सांग, जी मुलगी तुम्ही बघाल तिला हे सांगणार आहात का?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"त्याला एखादी मुलगी आवडली, त्यानं तिला सगळं सांगितलं आणि ती हो म्हणाली, तर मी पहिल्या रांगेत बसून गाणी म्हणेन. पण तुम्ही स्थळ बघणार, तिच्या बापाला बायोडेटा देणार आणि हे लपवणार. ते कोणत्या आज्ञेत बसतं? मुख्याध्यापक तू आहेस."

"नववी," काका म्हणाले. खोटी साक्ष देऊ नको. कॅथलिक क्रमानं ती आठवी, पण हे घर प्रॉटेस्टंट.

"आणि मुलगी न आवडता मुलगाच आवडला तर?"

"तर एकटं राहावं. प्रेषित पौल एकटाच राहिला. त्या अमेरिकेतल्या वेस्ली हिलचं तुला माहीत आहे का? बायबलचा प्राध्यापक. आपण समलिंगी आहोत हे सांगतो आणि शास्त्राला मान देऊन ब्रह्मचारी राहतो. २०१० मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे जमतं!"

"जमतं. पण ते त्यानं स्वतः ठरवलं, त्याच्या काकांनी ठरवलं नाही. आणि दादा, आपण प्रॉटेस्टंट ना? ब्रह्मचर्य हे दान आहे, ते कुणावर लादता येत नाही, असं म्हणून लूथरनं १५२५ मध्ये मठ सोडून आलेल्या कॅथरिनाशी संसार मांडला. पाचशे वर्षं आपण कॅथलिकांना हे ऐकवतोय. आता घरच्या पोराची वेळ आली तर आपल्यालाच मठ आठवला?"

काका यावर हसले. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. लूथरनं लग्न केलं ते स्त्रीशी, एवढं त्यांनी नोंदवून ठेवलं.

मग विषय मुलाच्या आईकडे वळला. तिनं कुठल्याशा प्रार्थना केंद्राचा पत्ता मिळवला होता. तिथं तीन दिवस उपास, रात्रभर प्रार्थना, डोक्यावर हात ठेवून आत्म्याला हुकूम, वगैरे. 'सुटका' होते म्हणे. या एका बाबतीत भाऊ-बहिणीचं पटकन जमलं, जरी कारणं वेगळी होती. काकांना मंडप टाकून चमत्कार करणाऱ्यांचा आधीपासून तिटकारा. आत्यांची कारणं वॉर्डातली. समलैंगिकतेचं नाव जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये अशा 'उपचारां'वर बंदी घालायला सांगितलं. निकाल लिहिण्याआधी या विषयातलं आपलं अज्ञान दूर व्हावं म्हणून त्यांनी स्वतः एका मानसतज्ज्ञाकडे बसून समजून घेतलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांनी हे उपचार करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

"आणि २०२० मधली ती केरळची पोरगी," आत्या म्हणाल्या. "एकवीस वर्षांची, बायसेक्शुअल. घरच्यांनी जबरदस्तीनं केंद्रात ठेवून औषधं दिली, असं तिनं स्वतः व्हिडिओ करून सांगितलं होतं. दोन महिन्यांनी गोव्यात गेली ती. आत्महत्या."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या केंद्राचं मी बघतो. त्याची आई तिकडे जाणार नाही. पण प्रार्थना मी करणार."

"कर की. मीही करते. फक्त त्याला खुर्चीत बसवून चौघांनी भोवती ओरडायचं, त्याला प्रार्थना म्हणू नकोस. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची केवढी मोठी ख्रिस्ती संस्था होती, १९७६ पासून हेच करत होती. २०१३ मध्ये तिच्याच अध्यक्षानं, ॲलन चेंबर्सनं, लोकांची माफी मागितली आणि संस्था बंद केली."

"बरं, उपचार नको. पण हे वय असतं गं. पुण्याचं वारं. जाईल."

"लिसा डायमंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी एकूण ७९ स्त्रियांना दहा वर्षं वरचेवर भेटून विचारलं. काही समलिंगी, काही बायसेक्शुअल, काही कुठलंच नाव न लावणाऱ्या. २००८ मध्ये निष्कर्ष छापले. कुणाचा ओढा थोडा इकडे, थोडा तिकडे सरकला, पण बायसेक्शुअल असणं ही मधली पायरी आहे, पुढं एका बाजूला जाऊन थांबते, असं काही दिसलं नाही. अभ्यास बायकांचा होता, हे खरं. पण तुझ्या 'जाईल'मागे कुठला अभ्यास आहे ते सांग."

काकांकडे अभ्यास नव्हता. शास्त्र होतं. त्यांनी बोटांवर मोजत वचनं सांगितली: लेवीय अठरा, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा. आत्यांनी आपल्या बाजूची मांडली: यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात षंढांनाही देवाच्या घरात दिलेली जागा, प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पानं कूशी षंढाचा वाटेतच केलेला बाप्तिस्मा, आणि सुंता न झालेल्यांना मंडळीत घ्यावं की नाही यावर यरुशलेमेत बसलेली सभा, जिनं जुना नियम सैल केला. काका म्हणाले, अन्नाचे आणि सुंतेचे नियम सैल झाले, शरीरसंबंधांचे नाहीत, त्याच सभेनं जारकर्मापासून दूर राहा असंही लिहून पाठवलं. हे त्यांचं बरोबर होतं. हा वाद त्या बैठकीत सुटण्यासारखा नव्हता आणि या लेखातही सुटणार नाही.

पण त्या वादात एक माणूस आहे, ज्याचं नाव दोन्ही बाजूंना घेता येतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड हेज हे नव्या करारातले मोठे अभ्यासक. १९९६ मधल्या त्यांच्या ग्रंथानं समलैंगिक संबंध शास्त्राला धरून नाहीत हे इतक्या संयमानं मांडलं, की पुढची दोन-तीन दशकं परंपरावादी पाळक त्याचाच आधार घेत राहिले. २०२४ मध्ये त्याच हेज यांनी जुन्या कराराचा अभ्यासक असलेल्या आपल्या मुलाबरोबर, क्रिस्टोफरबरोबर, नवं पुस्तक लिहिलं आणि आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं. पुढच्या जानेवारीत ते वारले.

"एक माणूस बदलला म्हणून शास्त्र बदलत नाही," काका म्हणाले.

"नाही बदलत. मी एवढंच म्हणतेय, की त्या विद्वानाला अठ्ठावीस वर्षं लागली आणि तू धाकट्याला दोन दिवसांत ठरवायला लावतोयस."

चर्च म्हणून बघितलं, तर एका आवाजात कुणीच बोलत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालं आणि ते अँग्लिकन परिवाराचं सभासद आहे. त्या परिवाराच्या बिशपांनी १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत समलैंगिक आचरण शास्त्राशी विसंगत ठरवलं. काका त्या ठरावाचा हवाला देतात. पण समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घेऊ, असं वचनही त्याच ठरावात आहे, आणि ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही. कॅथलिकांच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हेच दुपदरी धोरण: आचरण चूक, पण माणसाला आदरानं, करुणेनं, संवेदनशीलतेनं वागवा. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या खटल्यात अपोस्टोलिक अलायन्स ऑफ चर्चेस आणि उत्कल ख्रिश्चन असोसिएशन या संघटना ते कलम राहावं म्हणून न्यायालयात उभ्या होत्या. तेच कलम २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस मात्र म्हणाले होते, की समलिंगी लोकांना चर्चनं कधी गुन्हेगार मानलेलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम प्रौढांच्या खासगी, परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं. लग्नाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं दिली नाही.

"म्हणजे कोर्टही माझ्या बाजूचं," काका म्हणाले.

"अर्ध्यावर. तू उरलेल्या अर्ध्याचं बोल."

मग काका खरं ते बोलले. शास्त्र, कोर्ट, सगळं बाजूला ठेवून. "तुला ठाऊक आहे ना, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण किती? पावणेअकरा लाखांच्या आसपास. शंभरात एक माणूसही नाही. मी शाळेत असताना मला बाटग्या म्हणत. मास्तर झालो तरी म्हणत, पाठीमागं. आता म्हणतील, बघा, ह्यांच्या घरात असलं निघतं. आणि आपल्या मंडळीतले काय म्हणतील ते तर विचारूच नकोस. कमिटीत माझ्यासमोर कोण बसतं ते तुला ठाऊक आहे."

हा मुद्दा बाहेरच्यांना दिसत नाही. धार्मिक आईवडील म्हटलं, की डोळ्यांसमोर कठोर माणसं येतात. पण अल्पसंख्य समाजातल्या आईवडिलांच्या कठोरपणात भीतीचा वाटा मोठा असतो. लग्नं तिथंच जमतात, नोकऱ्यांच्या ओळखी तिथल्याच, शेवटी दफनभूमीतली जागाही त्याच मंडळीची. मंडळी तुटली तर या कुटुंबाला जायला दुसरा गाव नाही. पुण्यातल्या मुलाला मित्रांचं वर्तुळ आहे, बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टसारखी संस्था आहे. नगरमधल्या त्याच्या आईवडिलांना कोण आहे? मुंबईत २०१७ पासून 'स्वीकार' हा आईवडिलांचाच गट आहे. त्यातल्या चारशेहून अधिक पालकांनी २०२३ मध्ये आपल्या मुलांच्या लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. आत्यांनी तो गट सुचवला. काका म्हणाले, आधी त्याच्या आईला जेवू दे.

"बाटग्या म्हणत," आत्या पुन्हा त्याच शब्दाकडे आल्या. "का म्हणत, दादा?"

"का म्हणजे? आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून."

"आणि टिळकांना? नारायण वामन टिळकांना? १८९५ मध्ये मुंबईला जाऊन बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, लहान मुलाला घेऊन. परत आल्या त्याही हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनानं. 'स्मृतिचित्रे' तू शाळेत दरवर्षी शिकवायचास. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या घरी काय आनंदोत्सव झाला असेल?"

"तुलना करू नकोस. त्यांनी देवासाठी घर सोडलं. हा कशासाठी सोडतोय?"

"हा कुठं घर सोडतोय? घरातच उभा राहून सांगतोय. आणि तू कालपासून एकच म्हणतोयस: त्याला गप्प बसता आलं असतं, मुलीशी लग्न करून सुखानं राहता आलं असतं. बरोबर. आता सांग, टिळकांना गप्प बसता आलं नसतं का? चित्पावन ब्राह्मण, कवी, मान होता. मनातल्या मनात ख्रिस्ताला मानून बाहेर जानवं ठेवता आलं असतं. तसे बरेच होते म्हणतात. त्यांना रविवारच्या शाळेत कुणी आदर्श म्हणून शिकवत नाही. आपण गप्प न बसलेल्यांचीच नावं घेतो."

काका उसळले. सत्य सांगणं आणि वासना सांगणं एक नाही, देवाची हाक आणि शरीराची ओढ एका तागडीत घालता येत नाही, असं ते बरंच बोलले. त्यांच्या श्रद्धेच्या चौकटीत ते सुसंगतच होतं. टिळकांनी जे पत्करलं ते त्यांच्या मते सत्य होतं आणि पुतण्या जे सांगतोय ते मोह. पण मोह म्हणून धरलं, तरी एक गोष्ट शिल्लक राहते. मुलाला सोपा रस्ता उपलब्ध होता. कधीही न बोलता तो या घरात निभावून नेऊ शकला असता. सोय होती आणि त्यानं ती घेतली नाही. ज्या समाजाचा जन्मच सोय नाकारणाऱ्यांपासून झाला, त्यातल्या माणसाला निदान एवढं तरी ओळखीचं वाटायला हवं. 'सांगायची गरज काय होती' हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या किती घरांत, किती बापांनी विचारला असेल!

काकांनी ते मान्य केलं नाही. पण तो प्रश्नही पुन्हा विचारला नाही.

"आता करायचं काय ते सांग," ते म्हणाले. "माझं मत बदलणार नाही."

"बदलू नकोस. अमेरिकेत कॅटलिन रायन यांच्या फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्टचा २००९ चा अभ्यास आहे. ज्या मुलांना घरच्यांनी फार झिडकारलं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण आठ पटींहून जास्त निघालं, फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत."

"आम्ही काय त्याला घराबाहेर काढतोय का?"

"झिडकारणं म्हणजे तेवढंच नाही. घरच्या कार्यक्रमांतून वगळणं, देव शिक्षा करील म्हणून भीती घालणं, घरातसुद्धा हा विषय काढायचा नाही असं बजावणं, हे सगळं त्यांच्या यादीत आहे. तू काल यातलं किती केलंस ते मोज. आणि ऐक, त्या लोकांनी कट्टर धार्मिक घरांसाठी वेगळ्या पुस्तिका काढल्या आहेत. त्यांत धर्म सोडा असं कुठं म्हणत नाहीत. आधी हे करणं थांबवा, एवढंच सांगतात."

काकांनी खरोखरच मोजलं असावं, कारण पुढचा प्रश्न कमिटीतल्या माणसाचा होता. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजन. तो आला तर?

"येईल. त्याला का येऊ देऊ नये?"

काकांनी नियमाच्या बाजूनं विचार केला. मुलानं केलंय काय? काही नाही. ओढ वाटते असं सांगितलंय. ओढ वाटणं आणि कृत्य करणं यांत त्यांच्याच शिकवणीत फरक आहे. त्या न्यायानं नुसत्या बोलण्यावरून कुणाला मेजापासून लांब ठेवता येणार नाही. "पण उद्या एखाद्या मुलाबरोबर राहायला लागला तर मी बोलेन. कमिटीत नाही, आधी त्याच्या तोंडावर बोलेन."

"बोल. मी समोर बसेन."

शेवटी ठरलं, की वडिलांनी पुण्याला जाऊन मुलाला भेटावं, आईबरोबर आत्यांनी राहावं आणि काकांनी पत्र लिहावं. फोनवर त्यांचा आवाज चढतो. काकांनी लगेच कागद घेतला. पहिल्या परिच्छेदात 'प्रभू तुला यातून बाहेर काढो' असं होतं. आत्यांनी ते खोडलं. काकांनी पुन्हा लिहिलं. आत्यांनी पुन्हा खोडलं आणि 'प्रभू तुझ्याबरोबर असो' एवढंच ठेवलं. दुसऱ्या परिच्छेदात रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय होता. तो काढायला काका तयार होईनात.

"मग आठवाही लिही. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकत नाही, तो."

"आठवा मोठा आहे."

"शेवटच्या दोन ओव्या पुरेत."

दोन्ही अध्याय लिहिले गेले. पहिल्याखाली काकांनी रेघ मारली, म्हणून आत्यांनी आठव्याखाली मारली, दुहेरी. पत्र मंगळवारी स्पीड पोस्टनं गेलं. ते पोचायच्या आत आत्यांनी भाच्याला फोन करून सांगितलं, की काकांचं पत्र येतंय, पहिलं पान वाचून लगेच उत्तर लिहायला बसू नकोस.